ठोक्याच्या आधी नाव

मी माफ करणाऱ्यांतली नाही, हे आधीच सांगून टाकते. 'झालं गेलं गंगेला मिळालं' म्हणणारी माणसं मला आवडतात, त्यांच्या घरी मी चहालाही जाते. पण माझं झालं-गेलं साधं आमच्या मूसी नदीलाही मिळत नाही, ते माझ्यापाशीच राहतं. त्या माणसाचं तर मी वर्षभर सांभाळलं, लोणच्यासारखं, मधून मधून बरणी हलवत. आणि वेळ आली तेव्हा वाढलं. त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं, ते शेवटी सांगते.

मी हैदराबादला, चिक्कडपल्लीत राहते. आमचं घराणं निजामाच्या राज्यातलं, परभणीकडचं शेतकरी. आजोबा नोकरीसाठी इथं आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, बाजारात दखनी, आणि राग आला की तिन्हींचा काला. मागच्या खोलीत माझा कॉम्प्युटर, दोन स्पीकर आणि एक जुना कीबोर्ड आहे. तेलुगू मालिकांना आणि भक्तिगीतांना मी मागचं संगीत करून देते. नातेवाइकांना वाटतं मी दिवसभर बटणं दाबते. हौ, बटणंच दाबते. पण कुठलं बटण कुणाला ऐकू जाईल हे ठरवणं, त्यातच सगळी विद्या आहे.

ती विद्या थोडी सांगावी लागेल, नाहीतर पुढची मजा कळायची नाही. सॅम्पलर म्हणून एक सॉफ्टवेअर असतं. खऱ्या वाद्यांचे रेकॉर्ड केलेले सुटे आवाज त्यात भरून ठेवायचे आणि कीबोर्डवरून वाजवायचे. त्यात सोळा खाने असतात, एकेका खान्यात एकेक वाद्य, आणि प्रत्येकाला एकेक चॅनल नंबर. सोळा फ्लॅटची बिल्डिंग समजा. कीबोर्डवरून निघालेल्या प्रत्येक सुरावर नंबर असतो. तीन नंबरचा सूर तीन नंबरच्या फ्लॅटची घंटी वाजवतो, बाकीचे आपापल्या घरात गप्प. नंबर जुळला नाही की चिडीचूप. नवशिका इथंच परेशान होतो आणि 'ओम्नी' नावाची एक सोय असते ती दाबतो. ओम्नी म्हणजे घंटी कुणाचीही वाजो, सगळ्यांनी दार उघडायचं. आवाज येतो खरा, पण सगळ्या घरांचा एकदम. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी बजावते, आवाज आला नाही तर नंबर शोधा, ओम्नीला हात लावू नका. ओम्नी दाबणाऱ्याला आपण काय मांडलंय तेच ठाऊक नसतं.

आता बाबा. माझे बाबा कोर्टात पेशकार होते. साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं करून नाव पुकारायचं, कागद पुढं ठेवायचे, तारखा लिहायच्या, यात त्यांचा जन्म गेला. पण लहानपणी गावात गोंधळी यायचे, त्यांच्या मागं हिंडून हिंडून ते संबळ वाजवायला शिकले होते. दोन भांडी, दोन काठ्या, एक सरळ आणि एक टोकाला वाकडी. कोर्टातून येऊन, हातपाय धुऊन, चहा झाला की ते संबळ घेऊन बसायचे. आमच्या गल्लीतल्या तेलुगू म्हाताऱ्याही म्हणायच्या, पेशकार साहेब वाजवायला लागले की दिवेलागण झाली.

संबळाचे चांगले सॅम्पल मला कुठं मिळत नव्हते. म्हणून एका दुपारी मी बाबांना खोलीत बसवलं, समोर माइक लावला आणि सांगितलं, "एकेक ठोका सुटा द्या. जोरात, हळू, मधोमध, काठावर." बाबांनी आधी पंखा बंद करायला लावला. मग आईला कुकर उतरवायला लावला. मग घसा साफ करून म्हणाले, "मी, अमुक वल्द तमुक, वय अडुसष्ट, राहणार चिक्कडपल्ली. संबळ. लहान भांडं. सरळ काठी. मधोमध." आणि मग ठोका.

मी हसले. म्हटलं, "बाबा, नाव कशाला? नुसतं वाजवा."

"नाव नसलेली साक्ष चालत नाही," बाबा म्हणाले. "कोण बोललं हे आधी लिहायचं, काय बोललं ते मागून."

आणि प्रत्येक ठोक्याआधी त्यांनी नाव सांगितलं. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. चौसष्ट ठोके, चौसष्ट वेळा नाव, वल्द म्हणजे बापाचं नाव, वय, राहणार. चाळीसाव्याला मी कपाळाला हात लावला, पण ते काही ऐकेनात. नंतर मी ते सगळं कापलं, ठोके सॅम्पलरच्या एका खान्यात भरले आणि कापलेली नावं एका वेगळ्या फोल्डरात टाकली. फेकवली नाहीत एवढंच.

सहा महिन्यांनी बाबांना झटका आला. उजवा हात लुळा पडला, त्यात काठी धरवत नाही. आणि बोलणं गेलं. कळतं सगळं, पण शब्द ओठांपर्यंत येऊन अडतात. बोलण्याचा व्यायाम घ्यायला बाई यायची, ती म्हणाली, रोज त्यांच्याकडून त्यांचं स्वतःचं नाव म्हणवून घ्या. मी घ्यायची. पुढं बसून, पोराला शिकवावं तसं तोडून तोडून म्हणायची. तिसऱ्या अक्षराला बाबा अडायचे. मग मान फिरवायचे. कधी माझाही धीर सुटायचा आणि मी उगाच आवाज चढवायची.

आता तो माणूस. पुण्याहून आलेला, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. आमच्या मराठी मंडळात आल्या आल्या सांस्कृतिक विभाग त्यानं हातात घेतला. मला ताई ताई करायचा. "ताई, तुमचं ते 'नक्को' ऐकलं की काय मजा येते हो!" म्हणायचा, आणि मी 'लई' म्हटलं की बायकोकडे बघून डोळे मिचकवायचा. मी सोडून दिलं. म्हटलं पाहुणा माणूस आहे. घरी आला, मल्टिचॅनलचं शिकवा म्हणाला, मी चार रविवार शिकवलं. पाचव्या रविवारीही त्याचं तेच. आवाज आला नाही की लगेच ओम्नी, आणि सनईसकट झांजा अंगावर आल्या की माझ्याकडे बघून हसणार. शेवटी गणपतीच्या कार्यक्रमासाठी एक गोंधळ मी स्वतःच बसवून दिला आणि अख्खी मांडणी त्याला पेन ड्राइव्हवर दिली. एकच सांगितलं, "संबळ बाबांचा आहे, तेवढं स्टेजवरून सांगा. त्यांना बरं वाटेल."

"अहो ताई, ते काय सांगायला हवं?" म्हणाला.

नारायणगुड्याजवळच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. बाबांना मी दुसऱ्या रांगेत बसवलं, इस्त्रीचा सदरा घालून. गोंधळ वाजला, टाळ्या पडल्या. मग याने माइक घेतला. "हा संबळ मी स्वतः सॅम्पल केलाय. मराठवाड्यात गावोगाव फिरून, एकेक ठोका वेचून." गावोगाव! हा माणूस कधी रिंग रोडच्या पलीकडे गेला असेल तर शपथ.

बाबा उठले. डाव्या हातानं पुढची खुर्ची धरून उभे राहिले आणि म्हणाले, "मी... तो... मी..." पुढं काही येईना. हा स्टेजवरून खाली उतरून आला, बाबांच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाला, "काका भावनिक झालेत. बसा काका, आराम करा. पाणी आणा रे कुणीतरी." लोकांनी कौतुकानं माना हलवल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सांगितलं ना, राग आला की भाषांचा काला होतो. मी ओरडले ते दखनीत, "कुच शरम-हया है क्या नै तुमकू?" आणि हॉल हसला. अख्खा हॉल. "ताई एकदम हैदराबादी मोडमध्ये!" तो माइकवरून म्हणाला, आणि लोक आणखी हसले. त्यांना वाटलं गंमत चाललीय. बाबा खाली बसले. घरी येईपर्यंत त्यांनी काचेबाहेर पाहिलं.

नंतर मी अध्यक्षांना फोन केला. "असू द्या हो, सगळं आपलंच," ते म्हणाले. आपलंच काय? हात बाबांचा, ठोका बाबांचा, आणि नाव? ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांची नावं पुकारली त्याचं नाव एकदा, फक्त एकदा, त्या हॉलमध्ये पुकारलं जायला हवं होतं. ते स्वतः पुकारू शकत नव्हते. मी तोंड उघडलं तर लोक हसले. त्या दिवशी देवापुढं उभी राहून मी ठरवलं, हे नाव तिथंच वाजेल आणि याच्याच हातानं वाजेल. आई म्हणाली, जाऊ दे, देव बघतो. म्हटलं, देवाला लई कामं आहेत, एवढं मी बघते.

वर्षभर मी त्याच्याशी गोड बोलले. संक्रांतीला तिळगूळ पाठवला. पोटात आग आणि तोंडात साखर, हे जमायला मला चाळीस वर्षं लागली, पण जमलं. आणि गणपतीच्या आधी त्याचा फोन आलाच. "ताई, यंदा लाइव्ह करायचंय. मी स्टेजवर वाजवणार. नवा कीबोर्ड घेतोय, त्याला ते बडवायचे चौकोनी पॅड पण आहेत, संबळ त्यावर. तुम्ही फक्त मांडणी करून द्या."

फक्त मांडणी! मी म्हटलं, "देते की."

दोन दिवस मी ती मांडणी केली, आणि सांगते, आयुष्यात इतकं मन लावून काही केलं नाही. एक नंबरला हार्मोनियम, कारण कीबोर्डच्या पट्ट्या एक नंबरवर बोलतात. दोनला संबळ, तीनला हलगी, असं करत आठपर्यंत आठ वाद्यं. एकूण एक गोष्ट चोख. दहा नंबरचा खाना मी रिकामा ठेवला. कारण असल्या कीबोर्डांचे पॅड जन्मतःच दहा नंबरवर बोलतात, हे या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पॅड वाजवले की आवाज येणार नाही. ज्याने ही मांडणी खरंच केली असेल तो माणूस दोन सेकंदांत संबळाचा नंबर दहा करील आणि पुढं वाजवील. ज्याने केली नसेल तो ओम्नी दाबील.

आणि सोळा नंबरच्या खान्यात मी ते फोल्डर रिकामं केलं. चौसष्ट नावं, चौसष्ट पट्ट्यांवर. पट्टी बदलली तरी आवाज चढू-उतरू नये, बाबांचाच राहावा, म्हणून पिचची सोय बंद केली. बाकी वाद्यांच्या वर ऐकू जाईल इतका तो खाना मोठा केला. सोळा नंबरवर काहीच पाठवायचं नव्हतं. म्हणजे तो माणूस खरा असता तर त्या खान्याची कडी कधी वाजलीच नसती. मी त्याला खोटं काही दिलं नाही. एक दार उघडं ठेवलं आणि त्याचाच स्वभाव त्याला तिथं घेऊन जाणार होता. नावं ऐकायला मी कानाला हेडफोन लावले होते, दार आतून लावून. बाबा बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसले होते.

त्यानं नवा कीबोर्ड स्टेजवरच पहिल्यांदा उघडला. मला वाटलंच होतं, मिरवायची वस्तू घरी कोण उघडतो? बाबा पुन्हा दुसऱ्या रांगेत, शेजारी मी. त्यानं प्रस्तावना केली, "ही सगळी सोळा चॅनलची मांडणी माझीच आहे." मी मनात म्हटलं, बोल राजा, आणखी बोल. हार्मोनियमवर त्यानं चार सूर काढले, ते ठीक आले. मग ऐटीत हात उचलून पॅडवर मारला.

काहीच नाही. पुन्हा मारला. काहीच नाही. लोक खोकायला लागले. हा लॅपटॉपवर वाकला. त्याच्या कपाळावरचा घाम मला दुसऱ्या रांगेतून दिसत होता, आणि खोटं कशाला बोलू, मला गार वारं लागल्यासारखं वाटलं. सगळ्या खान्यांना एकदम ओम्नी करायची सोय असते, मीच शिकवली होती. तीच त्यानं दाबली. त्यानं हात उचलला आणि पॅडवर मारला.

हलगी, झांज, सनई सगळं एकदम खेकसलं आणि त्याच्यावरून, स्पष्ट, खणखणीत, कोर्टातल्या आवाजात, "मी, अमुक वल्द तमुक, वय अडुसष्ट, राहणार चिक्कडपल्ली. संबळ. मोठं भांडं. वाकडी काठी. काठावर."

त्यानं घाबरून दुसरा पॅड दाबला. पुन्हा नाव. पट्टी दाबली, पुन्हा नाव. एकावर एक चढलेली नावं, वल्द, राहणार. एका पट्टीतून बाबा म्हणाले, "आधी पंखा बंद कर." लोक हसायला लागले, आणि या वेळी माझ्यावर नाही. मग पहिल्या रांगेतले एक म्हातारे वकील उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, हे तर आपले पेशकार साहेब! संबळ त्यांचा आहे होय?" आणि अख्खा हॉल मागं वळून बाबांकडे बघायला लागला. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. स्टेजवर तो केबल उपटत होता. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं आणि मी ते पोटभर पाहिलं. मागच्या वर्षीचा एकेक हशा मी वसूल केला. म्हटलं, बस आता, आराम कर. पाणी आणा रे कुणीतरी.

मग मी बाबांकडे वळले. वाटलं होतं हसत असतील, निदान मान ताठ करून बसले असतील.

बाबा टाळ्या ऐकत नव्हते. ते बंद पडलेल्या स्पीकरकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. नाव म्हणत होते. तिसऱ्या अक्षराला अडत होते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते.

लोक भेटायला आले, वकिलांनी हात हातात घेतला, बाबांनी मान डोलावली. आम्ही ऑटोनं घरी निघालो. बाबांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं.

"तुझ्या... कडं... होतं?"

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, "काय बाबा?"

त्यांनी स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं. "हे."

"हौ बाबा. रेकॉर्डिंग होतं."

"दीड... वरीस?"

मी हो म्हटलं. दीड वर्ष मी त्यांच्यापुढं बसून, माझ्या आवाजात, तोडून तोडून, वैतागून त्यांचं नाव त्यांना शिकवत होते. आणि त्यांचं धडधाकट नाव, त्यांच्याच आवाजात, चौसष्ट वेळा, भिंतीपलीकडे पडलेलं होतं. मला ते आठवलं तेव्हा दुसऱ्याला मारायला आठवलं.

"मला... नाही... ऐकवलं," बाबा म्हणाले. दीड वर्षात बोललेलं ते त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य. ऑटोवाला आरटीसी चौकात सिग्नलला थांबला होता, तो आरशातून आमच्याकडे बघत होता.

त्या माणसानं मंडळ सोडलं. सोडू दे, मी त्याला मिठाई पाठवायलाही तयार आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉम्प्युटर, स्पीकर आणि जुना कीबोर्ड बाबांच्या पलंगापाशी आणून ठेवला, बाकीचे खाने बंद केले आणि सोळा नंबरच्या खान्याला पट्ट्यांचा एक नंबर दिला. बाबांनी डाव्या हातानं एक पट्टी दाबली. आवाज म्हणाला, मी, अमुक वल्द तमुक. मागोमाग बाबा म्हणाले, तिसऱ्या अक्षरापर्यंत. मी सवयीनं पुढचं अक्षर सांगायला तोंड उघडलं. बाबांनी माझ्याकडे न बघता हात वर करून मला गप्प केलं आणि पुन्हा पट्टी दाबली.